चाळिसाव्या दिवशीचा धूर

"सोडली! आजपासून बंद! यापुढे सिगारेट या ओठांना शिवणार नाही!"

ही भीमगर्जना इंजिनाने सकाळी साडेसातला, तोंडात टूथपेस्टचा फेस असताना केली. बायकोने चहा गाळता गाळता नुसती भुवई उडवली, कारण अशा गर्जना तिने याआधी नऊ वेळा ऐकल्या होत्या. नवव्या गर्जनेचं आयुष्य तर जेमतेम दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं होतं! पण या खेपेची गोष्ट वेगळी होती. आदल्या दिवशी लेकीने फोनवर फर्मान काढलं होतं.

"बाबा, बाळ यायला आता दोन महिने आहेत. अंगाला सिगारेटचा वास असलेल्या माणसाच्या हातात मी बाळ देणार नाही. मग तो बाळाचा सख्खा आजोबा का असेना!"

"अगं, पण कधीपर्यंत नाही देणार?"

"वास जाईपर्यंत!"

फोन ठेवला आणि इंजिनाने स्वतःचीच बाही हुंगली. पहिलं नातवंड! गेले कित्येक महिने तो मनातल्या मनात ते नातवंड खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवत होता. आणि आता पोरगी म्हणते, लांबून बघा! बावीस वर्षांचा मुरलेला वास. तो अंगातून जाईपर्यंत नातवंड कॉलेजात जायचं!

इंजिन हे नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नको. ते ठेवलं कंपनीने. कंपनी लहानशी, एका खोलीची. मोठ्या इमारतींच्या छताला पांढरे, बशीएवढे डिटेक्टर असतात ना, धूर लागला की बोंब मारणारे, ते धड चालतात की नाही हे तपासणं, एवढंच तिचं काम. शिडीवर चढायचं, डिटेक्टरला धूर दाखवायचा, दिवा लागला की वहीत खूण करायची. या कामासाठी धुराच्या फवाऱ्याचा डबा मिळतो. पण साहेबांनी बावीस वर्षांत असा डबा कधी घेतलाच नाही. इंजिन असताना डबा कशाला? एक झुरका, एक डिटेक्टर! खालून बरोब्बर नेम धरून तो धुराचा असा काही लोट सोडायचा की डिटेक्टर बिचारा लाजून लाल व्हायचा.

त्यामुळे इंजिनाने सिगारेट सोडली म्हणजे कंपनीची जवळजवळ सगळी यंत्रसामग्रीच बंद पडली.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले, पण सूर असा की कुणी गेल्याचं कळलंय. मग मात्र त्यांनी मन घट्ट केलं. "इंजिन, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत! डबा आणू! एक आणू, पण आणू!"

आणि मग सुरू झालं प्रोत्साहन. देवा रे देवा, काय ते प्रोत्साहन!

कंपनीतला दुसरा नोकर म्हणजे बांबू. उंची सव्वासहा फूट, पण दुसऱ्या पायरीवर चढला की चक्कर येते, म्हणून आयुष्यभर शिडी धरण्याचं काम त्याच्याकडे. त्याने फोनवर 'इंजिन थंड' नावाचा ग्रुप काढला. त्यात बायको, लेक, जावई, मेव्हणा, साहेब आणि इमारतीतले सगळे शेजारी. रोज सकाळी बांबू इंजिनाचा फोटो टाकायचा, खाली दिवसाचा आकडा, आणि मग दिवसभर शाबासक्यांचा पाऊस. मेव्हणा रोज अकराच्या ठोक्याला फोन करून ओरडायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या!" बायको त्याच ठोक्याला, काम जिथे चालू असेल तिथे, गाजराच्या तुकड्यांचा डबा घेऊन हजर! कारण अकराची तल्लफ सगळ्यात वाईट. ऑफिसातून काड्यापेट्या गेल्या, लायटर गेले, ज्या ॲशट्रेत साहेब टाचण्या ठेवायचे तीही गेली. एकदा न राहवून इंजिन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, तर दुकानदाराने काउंटरवरूनच हात जोडले.

"तुम्हाला नाही मिळणार! वहिनी येऊन गेल्यात. तुमचा फोटो लावलाय बघा."

खरंच लावला होता! इंजिन चडफडत परत आला. पण खरं सांगायचं तर आतून त्याला बरंही वाटलं. इतक्या लोकांना आपली इतकी पडलीय हे त्याला बावीस वर्षांत कधी कळलंच नव्हतं.

बघता बघता उजाडला चाळिसावा दिवस! नेमकं त्याच दिवशी काम निघालं लेकीच्या ऑफिसच्या इमारतीत. चार मजले, एकतीस डिटेक्टर, आणि बारा वाजता अग्निशमन खात्याचे अधिकारी पाहणीला येणार. काम पसंत पडलं तर पुढची पाच वर्षं ती इमारत कंपनीची. साहेब म्हणून तर जातीने हजर होते, टाय लावून!

आता तपासणीआधी एक गोष्ट करायचीच असते. तळमजल्यावर अलार्मचं पॅनेल असतं, ते 'टेस्ट'वर टाकायचं. म्हणजे डिटेक्टरचा नुसता दिवा लागतो, इमारतभर घंटा होत नाही. हे काम बांबूचं. बांबूने पॅनेलचं झाकण उघडलं, बोट बटणापर्यंत नेलं, आणि फोन थरथरायला लागला. चाळिसाव्या दिवसाचे एकदम चौतीस मेसेज! बांबूला गहिवरून आलं. त्याने पॅनेलसमोर उभं राहून अंगठा वर केलेला स्वतःचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, झाकण लावलं, आणि वर आला.

"टाकलं टेस्टवर?" इंजिनाने विचारलं.

"टाकलं!" बांबू म्हणाला. त्याच्या डोक्यात फोटो होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजपासून सुरुवात करायची ठरली. इंजिन शिडीवर चढला, डबा डिटेक्टरखाली धरला, दाबला.

फुस्स!

डबा संपला. साहेबांनी आणलेला एकुलता एक डबा, चाळीस दिवस वापरून वापरून, नेमका आज संपला! नवा आणायचा तर दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. घड्याळात साडेदहा.

"साहेब," बांबू हळूच म्हणाला, "एखादी सिगारेट पेटवून वर धरली तर?"

"इंजिनासमोर? चाळिसाव्या दिवशी? अरे, माणूस आहेस का कोण!"

"मी डोळे मिटून धरतो की," इंजिन म्हणाला.

"अजिबात नाही! आम्ही तुमच्या पाठीशी आहोत! धूर मी आणतो!"

साहेब आयुष्यात कधी सिगारेट प्यायलेले नव्हते. त्यांनी वॉचमनकडून अख्खं पाकीट आणलं, आणि इंजिनाला वाससुद्धा येऊ नये म्हणून पार पलीकडच्या जिन्यात गेले. बेत असा की झुरका तोंडात धरायचा, पळत यायचं, शिडीवर चढायचं आणि वर सोडायचा! पहिल्या फेरीला ते गाल फुगवून पॅसेजमधून धावत निघाले, तो समोरून लेकीच्या ऑफिसचे मॅनेजर आले.

"नमस्कार!"

आता नमस्काराला उत्तर न देऊन कसं चालेल? "नमस्कार," साहेब म्हणाले आणि सगळा धूर मॅनेजरांच्या चष्म्यावर गेला. दुसऱ्या फेरीला ते शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचले, तिथे त्यांना ठसका लागला, आणि धूर इंजिनाच्या शर्टात शिरला. तिसऱ्या फेरीला ते आले, तोंड उघडलं, तर आत काहीच नाही.

"गिळला वाटतं," साहेब क्षीण आवाजात म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पावणेअकरा! शेवटी बांबूला कल्पना सुचली. कोपऱ्यात कॉम्प्युटरचं रिकामं खोकं पडलं होतं, शेजारी रंगाचा रिकामा डबा. खोक्याचा पुठ्ठा फाडून डब्यात घातला, नीट धुमसावा म्हणून त्यावर थोडं पाणी शिंपडलं, आणि पेटवला. इंजिन डबा घेऊन शिडीवर चढला.

धूर? अहो, इंजिनाने बावीस वर्षांत मिळून सोडला नसेल एवढा धूर त्या डब्याने अर्ध्या मिनिटात सोडला! आधी इंजिनाचे हात दिसेनासे झाले, मग डोकं. डिटेक्टरचा दिवा लागला.

"लागला!" इंजिन धुराच्या आतून आनंदाने ओरडला.

आणि इमारतभर घंटा वाजायला लागली!

चारही मजल्यांचे दरवाजे धाडधाड उघडले. "आग! आग!" माणसं फाइली घेऊन, पर्स घेऊन, एक जण तर चहाचा कप घेऊन जिन्याकडे निघाली. त्या लोंढ्यात, पोटावर हात धरून, सावकाश चालत येत होती इंजिनाची लेक. पॅसेजमध्ये येऊन तिने वर बघितलं. शिडीवर तिचा बाप, आणि बापाच्या डोक्याभोवती ढग!

तिने ओढणी नाकाला लावली आणि ती तशीच पुढे गेली.  इंजिनाने डबा बांबूच्या हातात कोंबला आणि जिना उतरत सुटला.

खाली पार्किंगमध्ये दोनशे माणसं उभी. आणि अकराचा ठोका पडलेला, म्हणजे गाजरं घेऊन बायको हजर! लेक तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

"अहो, इकडे या," बायको म्हणाली. तिने नवऱ्याची कॉलर धरली आणि नाक लावलं. त्या नाकाला आजवर कुणी फसवू शकलेलं नव्हतं. "सिगारेट!"

"पुठ्ठा! शपथ, पुठ्ठा जाळला!"

"सिगारेटचा वास मला कळत नाही होय? बावीस वर्षं त्याच उशीवर झोपलेय मी!"

"ती साहेबांनी ओढली!"

"साहेबांनी?" बायको म्हणाली. "आजवर मित्रावर ढकललंत, पाहुण्यांवर ढकललंत, एकदा माझ्या भावावर ढकललंत. आता साहेबांवर?"

लेकीने डोळे पुसले. "चाळीस दिवस, बाबा. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते, माझे बाबा करून दाखवतायत म्हणून."

 इंजिनाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात फाटकातून अग्निशमन खात्याचे अधिकारी आत शिरले, एक तास लवकर, हातात वही. आता पॅसेजमध्ये पुठ्ठा जाळला म्हणून कबूल करायचं, तर इमारत गेलीच आणि परवानाही जायचा! साहेबांनी तोंड मिटलं आणि बुटांकडे बघायला लागले. इतक्यात इंजिनाच्या खिशातला फोन वाजला. त्याने घाईघाईत भलतंच बटण दाबलं आणि पार्किंगभर मेव्हण्याचा आवाज घुमला, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

कुणी हसलंसुद्धा नाही.

इंजिन काहीतरी बोलायला गेला, आणि खोकला. परत खोकला. मग जो काही खोकल्याचा उमाळा आला, तो थांबेचना! डोळ्यांतून पाणी, चेहरा लालभडक, एका हाताने कुणाची तरी स्कूटर धरलेली. बांबू पाठीवर थापट्या मारतोय, बायको पाणी पाजतेय.

"आई, थांब," लेक एकदम म्हणाली. "बाबांना धुराने ठसका लागला?"

बायकोचा हात तसाच राहिला. "खरंच की गं!"

"आठवतं? कढई जळली होती तेव्हा आपण दोघी खोकत बाहेर पळालो, आणि बाबा आत बसून पेपर वाचत होते! वर विचारत होते, काय झालं म्हणून!"

"यांना कधी धूर लागलेलाच नाही!"

"मग आता लागतोय!" लेक रडता रडता हसायला लागली. "अगं, यांचा घसा नवा झालाय! बाबांनी खरंच सोडलीय!"

इंजिन खोकत खोकतच मान डोलावत होता. एवढ्या आनंदाने खोकणारा माणूस त्या पार्किंगने पाहिला नसेल. ते बघून साहेबांना राहवेना. ते पुढे आले, टाय सैल केला, आणि दोनशे माणसांसमोर, अधिकाऱ्यांच्या देखत खिशातून पाकीट काढलं.

"सिगारेट मी ओढली. तीन! आणि पुठ्ठा आम्ही जाळला, पॅसेजमध्ये. या माणसाची चूक नाही. लिहा काय लिहायचं ते!"

अधिकारी बराच वेळ लिहीत होते. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मग अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं.

"अलार्म उत्तम. चार मजले चार मिनिटांत रिकामे, असं मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकतोय. पुढची तपासणीही याच कंपनीने करावी." त्यांनी चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं. "पुठ्ठ्याबद्दल दंड. आणि उद्यापर्यंत सहा डबे विकत घेतल्याची पावती मला दाखवायची!"

बाळ ठरल्या दिवशी आलं. मुलगी! लेकीने बापाची कॉलर हुंगली, केस हुंगले, दोन्ही हात हुंगले, आणि मग ते एवढंसं गाठोडं त्याच्या हातात दिलं. इंजिन ढसाढसा रडला. तोवर टाहो फोडणारी नात मात्र त्याच्या हातात येताच गप्प झाली.

"बघा! आजोबांना ओळखलं!" सगळे म्हणाले. इंजिनाची छाती गजभर फुगली. पाचेक मिनिटं मिरवून त्याने बाळ बायकोकडे दिलं. टाहो! परत घेतलं. गप्प! लेकीकडे दिलं, टाहो. जावयाकडे दिलं, शेजारपाजारचे धावून आले. परत इंजिनाकडे, गप्प! बाळ हातात घ्यायचं म्हणजे पाच मिनिटांचं काम, अशी या भल्या माणसाची समजूत होती.

याला आता तीन आठवडे झाले. इंजिनाने रजा वाढवून घेतलीय. परवा दुपारी घर कसं शांत होतं, लेक निवांत झोपली होती, आणि बायको पाय पसरून चहा पीत होती. तिने मायेने विचारलं, "काय हो, आता तल्लफ येते का?"

"येते की," इंजिन ओठसुद्धा न हलवता कुजबुजला. "दोन तास झाले, नाकाला खाज सुटलीय. जरा खाजवतेस का?"