तानू सशिणीचं विरजण

एका जंगलात, सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी, एका सशिणीच्या पिल्लाने दहीभाताचा घास थुंकला. बाळांनो, तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तुम्ही तर रोजच थुंकता. पण हे पिल्लू आठ दिवस तापाने निजून होतं. दहीभाताशिवाय त्याच्या पोटात काही ठरत नव्हतं.

त्याची आई तानू. तिने बोट लावून चाखलं. दही आंबट ढाण.

आता त्या जंगलाची रीत ऐका. तिथे विरजण कुणी घरी राखत नसे. ओढ्याच्या वरच्या अंगाला साळूबाई साळिंदर राहायची, ती सकाळी सगळ्यांना चमचा चमचा द्यायची. फुकट. रोज मिळतंय म्हटल्यावर सगळे दह्याचं भांडं चाटूनपुसून संपवायचे. तानूला तर तेवढंही चालावं लागत नसे. शेजारची मुंगशीण वरून आणून तिला द्यायची.

म्हणून तानूने आधी मुंगशिणीला विचारलं. ती म्हणाली, "वरून येतं तसं मी देते, वहिनी. पण तुमच्या आवडीनिवडीचा मान ठेवते हो. छोट्या वाटीत देऊ की मोठ्या?"

"गोड दे."

"ते नाही जमायचं. वाटीचं बोला."

तानू पिल्लाला पाठीशी बांधून वर गेली. तिथे ही गर्दी. सगळ्यांच्याच घरी दही बदललं होतं. वानर म्हणत होता, नवं दही घट्ट आहे, ज्यांना आवडत नाही ते मागासलेले. अस्वलाचं म्हणणं, जुनं आणि नवं दोन्ही द्यावं, आणि दोन्ही साळूबाईनेच लावावं. हरिणीने कधी दही खाल्लं नव्हतं, पण सगळ्यात जास्त मन तिचंच दुखावलं होतं. कोल्ह्याने एक समिती नेमली होती. तिची तिसरी बैठक चालू होती आणि नव्या दह्याला नाव काय द्यावं इथपर्यंत काम आलं होतं.

तानू पुढे झाली. "साळूबाई, माझं पिल्लू उपाशी आहे. जुनं विरजण चमचाभर असलं तर द्या."

साळूबाईने काटे फुलवले, मग मिटवले. "असतं तर दिलं नसतं का गं? मला तरी कुठे आवडतंय हे? डोंगरापलीकडून माझी जाऊ पाठवते, तेच मी खाली वाटते. तिने बदललं. मला कळवलंसुद्धा नाही."

तानू घरी आली. आईने कधी काळी सांगितलेलं तिला आठवलं, की कोमट दुधात मिरच्यांचे देठ टाकले की दही लागतं. पहिल्या दिवशी नुसतं पाणी सुटलं. दुसऱ्या दिवशी वास आला. तिसऱ्या दिवशी तिने भांडं वाळल्या गवतात गुंडाळलं आणि शेजारी बसून राहिली. लागलं नाही तर? ताप उलटला तर? दर घटकेला झाकण उघडायला हात जायचा, तो तिने मांडीखाली दाबून धरला.

दही लागलं. पिल्लाने वाटी पुढे केली आणि म्हणालं, "आणखी."

तानू आत जाऊन रडून आली.

दुसऱ्या दिवशी दारात रांग. तिने कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त बजावलं, चमचाभर उद्यासाठी राखा. सगळ्यांनी माना डोलावल्या, घरी जाऊन भांडी चाटली आणि परत रांगेत उभे राहिले.

रांगेच्या चौथ्या दिवशी पलीकडच्या रानातलं एक अनोळखी डुक्कर आलं. म्हणालं, "दही जरा पातळ येतंय. लक्ष नसतं वाटतं तुमचं हल्ली."

तानूने त्याच्या वाटीत विरजण घातलं. मागे वळली तर पिल्लू भांड्यात तोंड घालून बसलेलं. भांड्यात काही नव्हतं. राखायचा चमचाही डुकराच्या वाटीत गेला होता.

तिने पुन्हा मिरच्यांचे देठ काढले. या खेपेला दाराला कडी लावून.

तात्पर्य: आपलं विरजण आपण राखावं, असं मोठी माणसं सांगतात. ऐकू नका. राखणाऱ्याचंच आधी संपतं. सुख हवं असेल तर दुसऱ्याच्या दारात वाटी घेऊन उभं राहावं आणि आंबट आहे म्हणून नाक मुरडावं.

एवढं चार घरी सांगा, बाळांनो. आणि जिथून तुमची आई विरजण आणते ना, त्या घरी आधी सांगा.