तळ्याच्या वाटेवरचे तेवीस पुडे

आमच्या तर्नाते बेटाला मोटारीने प्रदक्षिणा घालायला दोन तास पुरतात. अशा बेटावर सहलीला निघणे म्हणजे ओसरीवरून माजघरात परगावी जाण्यासारखे आहे, हे मला मान्य आहे. पण पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे मुलीकडे समुद्रापलीकडच्या मकासर शहरात कायमचे राहायला जाणार होतो आणि माझी पत्नी रुगया हिची एकच मागणी होती : तोलिरेचे तळे शेवटचे एकदा पाहायचे. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी तिला तिथे नेले होते. पुढची चाळीस वर्षे मी शाळेच्या वह्या तपासत होतो.

तळे ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. दुपारी डोंगरावरून ढग उतरतात आणि ते झाकून टाकतात. म्हणून सकाळी आठलाच गाडी बोलावली. बसणार तोच गल्लीचे प्रमुख पाक हमजा समोर आले; इथे वडीलधाऱ्यांना मानाने 'पाक' म्हणतात.

"गुरुजी, सहल का?"

"तळ्यापर्यंतच. दुपारी परत."

"मग तेवीस घरं. लक्षात असू द्या."

प्रवासाला गेलेल्याने येताना घरटी खाऊ आणायचा, हा इथला रिवाज. अर्ध्या तासाच्या वाटेला प्रवास म्हणावे काय, असे मी चाचरत विचारले. पाक हमजांनी प्रश्नाचा साकल्याने विचार केला.

"गाडी भाड्याची आहे. डबा बरोबर आहे. वहिनींची ओढणी नवी आहे. तिन्ही अटी पूर्ण होतात, गुरुजी. हा प्रवासच."

गाडीत रुगया म्हणाली, "खाऊ आधी घेऊन टाकू. तेवीस घरं डोक्यावर असताना पाणी कसलं दिसतंय मला!"

तळ्याच्या अलीकडे केनारी या बदामासारख्या दाण्यांच्या चिक्कीचे दुकान आहे. तिथे अकरा पुडे निघाले.

"अकराच न्या की," दुकानदारीण म्हणाली.

"आणि बारा घरांना तोंड कसं दाखवू, बाई?"

"मग थांबा. शहरातून मागवते. जेनाबताईंचा गूळ आत्ता कढईत असेल."

ही चिक्की करणारी जेनाब म्हणजे आमची शेजारीण. तिची आणि आमची भिंत एकच. मी सुचवले, "मग परत गेल्यावर तिच्याकडूनच घेऊ. आता तळं पाहू."

रुगयाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला ड्रायव्हरसमोर लाज वाटली. "अहो, शेजारणीकडून घेऊन शेजारणीलाच द्यायचं? त्याला प्रवासाचा खाऊ म्हणतात?"

तेव्हा चिक्की आधी इथे येणे, तिला 'तोलिरेची आठवण' ही चिठ्ठी लागणे आणि मगच तिने परत जाणे, हाच नियमाला धरून मार्ग होता.

साडेबाराला जेनाबचा नवरा इद्रिस स्कूटरवरून माल घेऊन आला. आम्हाला पाहून खूश झाला.

"गुरुजी! वहिनी! सहल चाललीय? मजा आहे बुवा. आमचा पुडा विसरू नका हं!" असे म्हणून त्याने बारा पुडे दुकानदारणीच्या हाती दिले. त्याचाही त्यातच होता.

तळ्याच्या कठड्याशी पोचलो तेव्हा खाली नुसते पांढरे होते. रुगया बराच वेळ वाकून बघत राहिली.

"पाणी खालीच आहे," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली. "चला, चिक्की मऊ पडेल."

संध्याकाळी वाटप झाले. जेनाबने तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. "तिकडची चवच वेगळी हो! आपल्याकडच्यांना नाही जमत." तळे कसे होते, हे तेवीस घरांत कोणी विचारले नाही. त्यामुळे आम्हाला खोटे बोलावे लागले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पाक हमजा सहकुटुंब तळ्यावर जाऊन आले. कुंपणापाशीच थांबून सांगू लागले, "काय पाणी होतं, गुरुजी! हिरवंगार! एक ढग नाही. वहिनी, तुम्ही असायला हवं होतं."

आता ही रडणार, असे वाटले. रुगया पुढे झाली.

"ते असू दे, पाक हमजा. आमचा पुडा कुठाय?"

मला तिची शरम वाटली, असे लिहायला मला आवडले असते. पण तोवर मी त्यांच्या पिशवीकडे दोनदा पाहिले होते. प्रवासातून आलेल्याच्या हातांआधी चेहऱ्याकडे बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तो माणूस तुम्ही असाल, तर जरूर भेटायला या. आम्ही आता मकासरला असतो. रिकाम्या हाताने आलात तरी चालेल, असे म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे.