झेंडूचे पाण्याची मोहीम

मावळ प्रांती, कामशेत पेठेनजीक, भाताचे खाचरांत उभा जन्म घालविलेले राजमान्य राजश्री रखमाजी आबा यांणी नातीचे खेळयंत्रावर जी फत्ते केली, ती ऐकिली तैसी लिहितो. थोडे आबांचे बाजूने झुकून लिहितो, कारण आबा आमचे लाडके.

ऐसियास, आबांचे पुत्र निलेशराव यांस चिंचवडचे कारखान्यात मनसब. त्यांची कन्या पिंकीबाई, उमर चार वर्षे, दिवाळीचे सुट्टीस आजोळघरी नव्हे, आबांचेच घरी आली आणि संगती तळहाताएवढे खेळयंत्र आणिले. आत बारीक बारीक खेळ. फुगे फोडावे, बदक तळ्यात न्यावे, कुंडीतले झेंडूस पाणी घालावे, आणि जिंकिले की तारा चमके. खोक्यावर 'तीन ते पाच वर्षे' ऐसे साफ लिहिले असता आबा त्यात पडले, यास इलाज नाही.

मग पिंकीबाईंचे फर्मान सुटले की, झेंडूचा तारा जो आणील त्याचेच ताटात आपण जेवू. शालूबाई आजींनी कळ दाबून धरिली, बदाबदा पाणी ओतिले आणि तारा घेऊन नातीस घास भरवू लागल्या. आबा ताटावर एकटे पडले, आणि ते त्यांस बहुत लागले.

मग आबांनी चष्मा चढविला, यंत्र हाती घेतले आणि झारीची कळ एकवार दाबून बोट मागे घेतले. शालूबाईंनी मसलत दिली, "अवो, वता की. खेळ हाय त्यो."

आबा म्हणाले, "भाताला चाललं असतं. झेंडू हाय, मुळं कुजत्याल."

मग झेंडूने मान टाकिली, यंत्र पोंपों वाजले आणि शिकस्त जाहली. पुन्हा स्वारी, पुन्हा तेच. माती सुकली की कसे, हे पाहावयास आबांनी काचेवर बोटही फिरविले.

अखेर यंत्रातला झेंडू रडू लागला आणि त्याकडे पाहोन पिंकीबाईंचाही ओठ खाली आला. "आबा, त्याला तहान लागलीये."

आबांचा नाइलाज जाहला. "पाप लागंल ते मला लागू दे," ऐसे पुटपुटून त्यांणी डोळे मिटले आणि कळ दाबून धरिली. झेंडू तरारला, फूल आले, तारा चमकला, आणि त्या दुपारी पिंकीबाई आबांचे ताटात जेवल्या. आबांनी मुद्दाम सावकाश जेवण केले.

दुसरे दिवशी सकाळी पिंकीबाईंनी अंगणात चाल केली आणि दिवाळीचे तोरणासाठी जपलेले आबांचे खरे झेंडूचे वाफ्यात तांब्यावर तांब्या, मग अख्खी बादली रिती केली. रोपे चिखलात आडवी जाहली. आबा धावत आले, तोंड उघडिले, तो पिंकीबाई हात पुढे करोन उभ्या. "आबा, माझा तारा?"

आबांनी शालूबाईंचे कपाळीची चमकीची टिकली मागून घेतली आणि नातीचा हात उपरण्याने पुसोन त्यावर लाविली. "ही घे. लय झ्याक पाणी घातलंस."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ते दप्तरी दाखल केले. तोरणास फुले त्या साली कामशेतचे बाजारातून आली. घरचा झेंडू कुठे गेला ऐसे ज्याने ज्याने पुसिले, त्यास आबांनी एकच जबाब दिला की, यंदा पाऊस लय लांबला.