नानांच्या गाडीचा विमा

नानांनी शेतासाठी चार जाड चाकांची, चिखलातूनही जाणारी, दोन माणसांची फटफटी घेतली आणि पहिले दोन महिने ती फक्त पुसली. सकाळी बैलांना वैरण टाकायची, मग गोठ्यातली ही गाडी ओल्या फडक्याने पुसायची आणि वर ताडपत्री टाकायची. विमा उतरवल्याशिवाय चावी फिरवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

तो विमा उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी शिरपूरला हाच धंदा करतो. ही गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, त्यामुळे नेहमीची मोटार पॉलिसी चालेना. मी शेतीच्या यंत्रांची एक आणि माणसांच्या अपघाताची एक, असे कागद घेऊन नानांच्या गावी गेलो. अर्ध्या तासाचं काम, असं समजून गेलो होतो.

"आग, चोरी, मोडतोड," मी सांगायला लागलो.

"रानडुक्कर आडवं उनं तं? यामा शे का?"

"आहे, नाना."

"केळीना घड डोकावर पडना तं? यामा शे का?"

घड कुणाच्या डोक्यावर, चालवणाऱ्याच्या की मागे बसलेल्याच्या, हेही त्यांना ठरवून हवं होतं. पाटात गाडी गेली तर, बैल बुजला तर, माकडाने चावी पळवली तर! मी घरी आलो तेव्हा कागद कोरेच होते आणि पोटात चार कप चहा होता.

अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, ओट्यावर खुर्चीत बसून हे ऐकत असत. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर घेऊन अंगणापर्यंतच जात. लावलेली केळी त्यांनी यंदा पाहिलीच नव्हती. मी निघालो की विचारायच्या, "भाऊ, कधी व्हई मंग?"

पोळ्याच्या दिवशी नानांचा फोन आला. बैलांबरोबर गाडीलाही सजवलं होतं, हँडलला बैलांच्या शिंगांसारखा लाल हिंगूळ, पुढे झेंडूची माळ. इथवर ठीक होतं. पण बैलांना पुरणपोळी दिल्यावर हिलाही नको का, म्हणून एक पोळी सीटवर ठेवली. शेळीने पोळी खाल्ली आणि चव लागली म्हणून सीटही खाल्ली.

"यामा शे का?"

"नाना, पॉलिसी अजून काढलीच नाही!"

काढली असती तर मिळालं असतं का, हे त्यांना तत्त्व म्हणून जाणून घ्यायचं होतं.

चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. "नाना, सही करा, नाहीतर ही गाडी देव्हाऱ्यात ठेवा!"

नाना चिडले नाहीत. मला गोठ्यात घेऊन गेले. अक्कांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मांगला साल मोटरसायकलवर मीच तिले वावरमा ली जाई ऱ्हायंतू. पाटना कडे गाडी सरकनी. मन्हा हातथून पडनी ती." मग नव्याने बसवलेल्या सीटवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "ती पडाले नको. असा कागद शे का?"

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं विमा विकतोय, पण 'नाही' एवढंच म्हणून मी कधी थांबलो नव्हतो. त्या दिवशी थांबलो.

नानांनी ताडपत्रीची घडी घातली. मग म्हणाले, आग नको, चोरी नको, डुक्करही नको. मागे बसणाऱ्याच्या दवाखान्याचा कागद तेवढा द्या. सही केली, गाडी ओट्यापाशी आणली आणि खांद्यावरचं उपरणं काढलं.

आम्ही दोघांनी अक्कांना मागच्या सीटवर बसवलं. नानांनी उपरण्याने त्यांना स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि गाठ तीनदा ओढून पाहिली. गाडी निघाली. मी अक्कांच्या पाठीला हात लावून मागून चिखलात चालत होतो. मला चालायला काहीच त्रास नव्हता, इतका वेग कमी होता.

"आहो, यानापेक्षा बैलगाडी जोरमा चालस!" अक्का ओरडल्या.

"गप बस. धर माले."

केळीत शिरल्यावर मात्र अक्कांनी नानांना धरलेला एक हात सोडला. तो लांब करून एका घडाला लावला, मग पुढच्या घडाला. नानांनी इंजिन बंद केलं. "सोडा आते," अक्का म्हणाल्या. नानांनी गाठ सोडली नाही, तिच्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले.