यांनीच माइकवर सांगितलंय

खोतकाका दुसऱ्याच्या घरी गेले की आधी पंखा बंद करतात. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईसमोर मोबाइल धरतात. "आजी, स्वतः लावलेली एखादी चाल आहे?"

बायकांनी कवितांना लावलेल्या आणि कुणाच्याच लक्षात न राहिलेल्या चाली शोधणं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत एकही आजी सुटलेली नाही. माझ्या हळदीकुंकवालाही आले, एकटे पुरुष. वाण म्हणून चाळणी दिली, तीही निमूट घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गेल्या तेव्हा सुनेला भेटून म्हणाले, "मुखडा मिळाला होता हो, अंतरा राहिला." सून तोवर रडली नव्हती. काकांची अजून समजूत आहे, ती अंतऱ्यासाठी रडली.

त्यांच्या पत्नी नलिनीकाकू मात्र कधी साधं गुणगुणतसुद्धा नाहीत. एकदा मी विचारलं, तुमची चाल नाही का मिळाली यांना? काकू मेथी निवडत होत्या.

"होती की एक. पण ती पारंपरिक आहे. यांनीच माइकवर सांगितलंय."

लग्न नवं असताना काकांच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात काकू स्वतःच्या चालीचं गाणं गायल्या होत्या. निवेदक काका. बायकोचं कौतुक चारचौघांत बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी 'चाल पारंपरिक' असं ठोकून दिलं. काकूंनी ते गाणं पुन्हा तोंडातून काढलं नाही. काकांना हवं होतं तेच, पण मागायची हिंमत नव्हती. म्हणून उपनगरभरच्या आज्यांना छळणं चाललं होतं.

यंदा सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी कार्यक्रमासाठी अर्धा तास मागितला. सेक्रेटरी मी. दिला. मोबाइलवरून ऐकवलेल्या चार गाण्यांत त्यांनी तास खाल्ला, कारण प्रत्येक गाण्याआधी चाल लावणाऱ्या बाईचं माहेर, सासर, दोन्ही. लोक शिऱ्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी माइक बंद करायला उठलेच होते.

"शेवटची चाल नलिनी खोत यांची," काका म्हणाले. "मागे मी चुकीचं सांगितलं होतं. गाणारं कोणी नाही, म्हणून मीच म्हणतो."

काकांना आवाज नाही आणि सुराशी ओळखही नाही. पहिल्या ओळीला मुलं हसली, दुसरीला मोठी माणसं. काका कपाळाचा घाम पुसत रेटत राहिले. माझा हात बटणावर होता, पण दाबवेना.

बटणाच्या शेजारच्याच टेबलावर काकू खाली मान घालून शिरा वाढत होत्या.

"अहो," त्या मान वर न करता म्हणाल्या, "अंतरा खालच्या सुरावरून उचलायचा."

काका थांबले. "कुठून?"

काकूंनी शिऱ्याचा चमचा माझ्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि माइककडे निघाल्या.