हितेंद्रभावोजींचं गाऱ्हाणं

हितेंद्र एडमंटनहून येऊन चार दिवस झाले आणि करी रोडच्या त्या चाळीतल्या लोकांना जगाचं आता काही खरं नाही हे पटलं. त्याआधी त्यांना ते माहीत नव्हतं. नळाला पाणी पाचला येतं की साडेपाचला, एवढीच त्यांची चिंता होती.

मालनवहिनींना तर धक्क्यावर धक्के बसत होते. धाकटा दीर अकरा वर्षांनी घरी येतोय म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी सुरमई तळली. पानावर बसल्याबसल्या हितेंद्र म्हणाला, "वहिनी, समुद्रात आता मासे कमी आणि प्लास्टिक जास्त. हे जे आपण खातोय ना, ते अर्धं प्लास्टिकच आहे." वहिनींचा हात तव्यावरच थबकला. हितेंद्रने मात्र प्लास्टिकचे चार तुकडे संपवले आणि पाचवा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर त्याने युरोप बुडवला. तिसऱ्या दिवशी गॅलरीत दात घासता घासता तिसरं महायुद्ध कुठून सुरू होणार ते सांगितलं. शेजारच्या कुशाबांनी विचारलं, "आणि तुज्या कॅनडात कसा काय?" कुशाबा ऐंशीचे, चाळीतला शेवटचा शब्द त्यांचा.

"कॅनडा? हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत माणूस एक तर बरा होतो, नाहीतर जातो. थंडी उणे तीस. शेजारचा मेला तरी आठ दिवस कळत नाही."

"मगे ये मां परत."

"इथे? इथे श्वास तरी घेता येतो का, कुशाबा?"

तिकडे कुणी जाऊ नये आणि इकडे कुणी राहू नये, अशी हितेंद्रची दोन्ही मतं पक्की होती. माणसाने नेमकं कुठे राहावं हे मात्र त्याने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मालनवहिनींना महायुद्धाची भीती नव्हती. त्यांची भीती घरातली होती. त्यांची दर्शना परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि तिला आयर्लंडमध्ये नोकरी लागली होती. बारा दिवसांनी तिचं विमान होतं. वहिनींनी हो म्हटलं होतं, हसतही होत्या, पण ते सगळं वरवरचं होतं. हितेंद्रही जाताना "दोन वर्षांत येतो" म्हणून गेला होता. सासूबाई गेल्या तेव्हा त्याने आईचं शेवटचं दर्शन फोनवर घेतलं आणि तो फोन चितेसमोर धरून उभे होते त्याचे थोरले भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, दौलतराव. त्या दिवसापासून घरात कुणी परदेशाचं नाव काढलं की मालनवहिनींच्या डोळ्यांसमोर तो वर धरलेला फोन यायचा. आपली पोरगीही अशीच फोनात जाऊन बसली तर काय करायचं, हे त्या कुणाला विचारू शकत नव्हत्या.

अशात आली सव्वीस जानेवारी. सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी सत्यनारायण, हा चाळीचा शिरस्ता गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनचा. पूजेनंतर सगळे खालच्या चौकात जमायचे आणि गाऱ्हाणं व्हायचं. एकाने हातात नारळ घेऊन देवाला चाळीचं सुखदुःख सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. शेवटी नारळ फोडायचा. नारळ फुटला की बोललेला शब्द देवाच्या दरबारी जमा झाला, तो काही परत घेता येत नाही.

गाऱ्हाण्याचा मान दौलतरावांच्या घराण्याचा. पण मांडववाल्यांशी दोन दिवस हुज्जत घालून दौलतरावांचा आवाज पार बसला होता आणि डॉक्टरांनी आठ दिवस तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली होती. म्हणजे मान धाकट्याकडे आला. दौलतरावांनी सगळं गाऱ्हाणं एका कागदावर लिहून दिलं.

"कागद कशाला, दादा? लहानपणापासून ऐकतोय. तोंडपाठ आहे!" म्हणत हितेंद्रने कागदाची घडी खिशात टाकली आणि नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी ऱ्हवली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

एवढं झकास झालं आणि पुढचं हितेंद्र विसरला. समोर सत्तर माणसं तोंड उघडून तयार. गाऱ्हाण्याची लय एकदा धरली की थांबता येत नाही. कागद काढावा तर हातात नारळ. तेव्हा डोक्यात जे होतं तेच त्याच्या तोंडातून बाहेर पडलं.

"ह्या जगात जो काय युद्धाचो वणवो पेटलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"जे काय टॅरिफ वाढलेले आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो काय तो एआय सगळ्यांच्यो नोकऱ्यो गिळूक बसलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

हितेंद्रच्या अंगावर रोमांच उभे राहिले. एडमंटनला त्याचं मत बायकोही पुरतं ऐकून घेत नसे. इथे सत्तर माणसं एका सुरात प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. गडी चेकाळला.

"तर म्हाराजा, ह्या चाळीच्या एकाही लेकराक पाण्यापलीकडे जावची बुद्धी दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोण निघालोच, तर तेचो पाय उंबऱ्यातच अडकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुढे दौलतराव दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने हलवत होते. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भक्तीचं भरतं आलं. नारळ खाडकन फुटला.

मालनवहिनींनी शेवटचं "व्हय म्हाराजा" चांगलं खणखणीत म्हटलं होतं. तोंडाने म्हटलं आधी आणि अर्थ पोचला मागून. त्यांनी चरकून शेजारी पाहिलं. दर्शनाचे हात जोडलेलेच होते, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई," ती पुटपुटली, "मी पण म्हटलं गं."

चौकात कुजबुज सुरू झाली. मग पहिल्या माळ्यावरचा वैभव ओरडला, "ओ काका, काय हे! माझं एक तारखेला दुबईला जॉइनिंग आहे!" गौतमची नवी नवरी रडायलाच लागली. त्यांचं थायलंडचं बुकिंग होतं.

"अरे, रिलॅक्स!" हितेंद्र हसत म्हणाला. "हे सगळं सिम्बॉलिक असतं."

"नारळ फुटलो," कुशाबा म्हणाले. "आता कसला सिम्बॉलिक?"

तेवढ्यात मागून धोंडूने विचारलं, "कुशाबा, पाण्यापलीकडे म्हणजे खाडी पण धरायची काय? माझी ड्युटी वाशीला."

कुशाबांनी बराच विचार केला. "खाडीत पाणीच असता मां? मग झाला तर."

धोंडूने अत्यंत जड अंतःकरणाने दुसऱ्या दिवसापासून कामावर जाणं बंद केलं आणि दुपारची झोप सुरू केली.

उपाय एकच होता आणि तोही कुशाबांनी सांगितला. "ज्या तोंडान घातल्यान, त्याच तोंडान उतरवूक होया. तीच जागा, तीच माणसां, नवो नारळ."

सगळे हितेंद्रकडे वळले. हितेंद्रने हाताची घडी घातली.

"सॉरी. मी बोललो ते विचार करून बोललो. उगाच मत फिरवणाऱ्यांतला मी नाही. आणि एवढ्या लोकांनी एकमताने पास केलंय!"

आता खरं सांगायचं तर मालनवहिनींना त्या संध्याकाळी आनंद झाला. नुसता आनंद नव्हे, शिऱ्याचा दुसरा द्रोण घेण्याइतका आनंद. पोरगी जात नाही आणि आपल्याला वाईटपणाही घ्यावा लागला नाही, परस्पर देवानेच अडवली! या आनंदाची त्यांना लाजही वाटत होती, पण द्रोण त्यांनी संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शनाने पलंगाखालची बॅग ओढली आणि नवीन घेतलेले दोन स्वेटर काढून फळीवर ठेवले. रडली नाही, चिडली नाही. परळच्या हॉस्पिटलात फोन लावून ती म्हणाली, "सिस्टर, माझी जागा भरली का हो? नाही, सहज विचारतेय." पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगताना जो मऊ आवाज ती काढायची, तो आवाज ती आज स्वतःसाठी वापरत होती. मालनवहिनी हे सगळं ऐकत होत्या. कालचा शिरा आठवून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तेवढ्यात दौलतरावांनी एक चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'त्या गाढवाचं काहीतरी कर.'

वहिनींनी पदर खोचला आणि गॅलरीत दिराला चहा नेऊन दिला.

"भावोजी, तुमचा इमान शनिवारी मां?"

"हो. पहाटेचं."

"तां रद्द करूक होया."

"का?"

"तुमचो जन्म खय झालो?"

"इथेच की, दहा नंबरात. का?"

"मगे तुमी ह्या चाळीचा लेकरू न्हय? आणि कॅनडा पाण्याच्या अल्याड आसा काय?"

हितेंद्र खो खो हसला. "वहिनी, तुम्ही पण ना! मी असल्या गोष्टी मानत नाही. सायन्स आहे, फ्लाइट आहे, बोर्डिंग पास आहे..."

त्याचा फोन वाजला. मृणालिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. ती मूळची कणकवलीची. तिला मालनवहिनींनी चहा टाकण्यापूर्वीच सगळं कळवून ठेवलं होतं.

"हितेंद्र, वहिनी सांगतात ते खरं आहे?"

"अगं, ते सिम्बॉलिक..."

"नारळ फुटला का?"

"फुटला, पण..."

"मग उतरवल्याशिवाय त्या विमानात पाय ठेवायचा नाही. विमानात तुझ्याशिवाय तीनशे माणसं असतात. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

फोन बंद झाला. हितेंद्रने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, एक सांगू? कुणाला बोलू नका. आज सकाळपासून मला उंबऱ्याला दोनदा ठेच लागलीये."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पाहून मालनवहिनींना या भेटीतला सगळ्यात मोठा धक्का बसला. युरोप बुडवणारा माणूस पायाचा अंगठा धरून बसला होता.

गुरुवारी संध्याकाळी तीच माणसं चौकात जमली. धोंडूला तेवढं झोपेतून उठवून आणावं लागलं. कुशाबांनी नवा नारळ हितेंद्रच्या हातात दिला आणि दम भरला, "ह्या टायमाक मतां नको. नुसता गाऱ्हाणा." हितेंद्रने या वेळी दौलतरावांकडून नवा कागद लिहून घेतला आणि तो नारळाला चिकटवून धरला.

"बा देवा म्हाराजा! अजाणतेपणी ह्या तोंडातून जां काय गेला, तां पोटात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वैभवाक दुबईक धाड, गौतमाक बायलेवांगडा थायलंडाक धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"धोंडूक वाशीक धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. धोंडू जरा हळू म्हणाला.

"आणि ह्या घरची लेक दर्शना, ती रोग्यांची सेवा करूक जाता हा, तिका सुखान जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालनवहिनींनीही म्हटलं. या वेळी अर्थ आधी पोचला होता, तरी पुरतं म्हटलं. दर्शनाने आईचा हात घट्ट पकडला.

"आणि ह्या हितेंद्राकय शनिवारी इमानात सुखरूप बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा गरजेपेक्षा मोठ्याने झालं. तिसऱ्या माळ्यावरची कबुतरं उडाली.

कागद संपला. हितेंद्रने सुटकेचा श्वास टाकला आणि नारळ उचलला. त्याच वेळी बायकांच्या रांगेतून, लय जराही न मोडता, एक आवाज आला.

"आणि पाण्यापलीकडे गेलेल्या दरेक लेकराक दर वर्सा सव्वीस जानेवारीक ह्याच जाग्यार परत घेवन ये रे म्हाराजा!"

चाळीच्या इतिहासात गाऱ्हाण्यात बाईमाणसाने कधी तोंड घातलं नव्हतं. पण हे लक्षात यायला वेळ लागतो आणि लय काही वेळ देत नाही.

"व्हय म्हाराजा!"

सत्तर माणसं म्हणाली. कुशाबा म्हणाले. दर्शना हसत आणि रडत म्हणाली. डॉक्टरांची तंबी विसरून दौलतरावही काहीतरी घोगरं म्हणाले. सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठ्याने म्हणाला हितेंद्र आणि त्याच दणक्यात त्याचा हात खाली आला. नारळाची दोन स्वच्छ भकलं झाली.

हितेंद्र त्या भकलांकडे बघत उभा राहिला. तोंड उघडंच होतं. मालनवहिनी शांतपणे पुढे आल्या, भकलं उचलली, खोबरं काढलं आणि पहिला तुकडा दर्शनाच्या हातावर ठेवला. दुसरा त्यांनी दिराच्या हातावर ठेवला.

"घ्या, भावोजी."

खिशात फोन वाजत होता. हितेंद्रने तो कसाबसा कानाला लावला.

"झालं का रे?" पलीकडून मृणालिनी विचारत होती. "नारळ नीट फुटला ना?"

"फुटला," हितेंद्र म्हणाला. मग खोबऱ्याच्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "अगं, पुढच्या वर्षी सव्वीस जानेवारी कोणत्या वारी येते, बघ ना जरा."