तिसऱ्या मजल्याची संमती

बाजार पडला की आमची इमारत एक मजला जमिनीत जाते. चौदांपैकी दोन मजले गेले होते, तेव्हाची ही हकीकत.

इमारत खराडीत आहे. एका मजल्यावर एकच घर, आणि सगळी घरं एका परदेशी बँकेच्या व्यवस्थापनात. चाळीस देशांत कचेऱ्या असलेली बँक हो! आमची आयुष्यभराची पुंजी तिनं सांभाळायला घेतली, त्यातून इमारत उभी केली आणि आम्हालाच तिच्यात ग्राहक म्हणून राहायला दिलं. त्या दिवशी मेल्यांनी केशरी पेढे वाटले होते.

पहिला मजला जायच्या आदल्या दिवशी तिथले देवस्थळी सामानासकट सांगलीला पळाले. घर रिकामं म्हणजे किंमत आणखी कमी, म्हणून इमारत एकदम दोन मजले उतरली. दुसऱ्या मजल्यावरचे टिपणीस तेव्हा जेवायला बसले होते. ते अजून तिथेच आहेत. पाणी येतं, वीज आहे, इंटरकॉम चालतो. मोबाइल तेवढा लागत नाही आणि दार उघडलं की समोर माती. खणून काढावं तर बाहेरची जमीन महापालिकेची, आणि महापालिका खोदायची परवानगी देते ती फक्त केबलवाल्यांना.

मग बँकेने नियम केला. मजला उतरताना त्यात राहतं माणूस हवं. त्या माणसाची संमती बँकेकडे पोचली की ठरल्या दिवशी सकाळपासून त्याचं दार उघडत नाही.

"आणि बाजार वर आला की?" मी बँकेच्या लोणकरला विचारलं. हा आमच्या इमारतीवर नेमलेला अधिकारी, वय अठ्ठावीस, कायम टाय.

"तर वर नवा मजला चढेल, सर."

"खालचे वर येणार नाहीत?"

"वाढ नेहमी वरच्या बाजूला होते, सर," तो म्हणाला.

बाजार पुन्हा पडला आणि तिसऱ्या मजल्याला बँकेकडून चौदा तारीख मिळाली. तिथे हुपरीकर बाई एकट्या राहायच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांची मुलगी मिरजेला, पहिलटकरीण, दिवस भरणार वीस तारखेला. बाईंनी डिंकाचे लाडू करून ठेवले होते, बारा तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. पण बाई गेल्या की तिसरा मजला रिकामा, आणि तिसरा रिकामा म्हणजे त्याच्याबरोबर चौथाही खाली. चौथ्यावर मी राहतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी.

पाच तारखेला गच्चीवर सभा बोलावली. गणपूर्ती नव्हती, म्हणून प्रथेप्रमाणे अर्धा तास तहकूब केली आणि त्याच खुर्च्यांवर बसून पुन्हा सुरू केली. तोवर वडे आले आणि त्यांच्यामागे उरलेले सभासदही आले.

अध्यक्ष इनामके चौदाव्या मजल्यावरचे. ते फार गोड बोलतात. "बाई, सेक्रेटरींच्या मिसेसना दमा आहे. त्यांचा तरी विचार करा."

"माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपण आहे हो. आई नको का तिथे?"

"तिच्या सासूबाई आहेत ना."

"सासू म्हणजे आई का?" बाई म्हणाल्या. इनामक्यांनी वड्याची बशी पुढे सरकवली.

बाईंनी राहावं, या ठरावाला अकरा हात वर झाले. त्यातला एक माझा. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. जाताना त्या मला म्हणाल्या, "माझा विरोध लिहा हं, आठवणीनं."

बावीस वर्षं मी इतिवृत्त लिहितोय. रंगाचा ठराव असो, गणपतीच्या वर्गणीचा असो, शेवटी एकच वाक्य असतं: ठराव सर्वानुमते मंजूर. कुणी कितीही तंडलं तरी तेच लिहायचं, वहीत भांडण दिसू नये म्हणून. त्या दिवशीही मी तेच लिहिलं. सवयीनं लिहिलं, असं मी बायकोला सांगितलं.

लोणकर वही वाचून खूश झाला. "सर्वानुमते, म्हणजे बाईंचीही संमती आली. वेगळा फॉर्म नको."

"अहो, त्यांनी हात वर केला नव्हता."

"मग दुरुस्ती करा ना, सर. पुढच्या सभेत."

पुढच्या सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. हातात नऊ दिवस होते. पान फाडता आलं असतं. वहीला पानांचे नंबर आहेत, लेखापरीक्षक विचारतो, हे सगळं खरं. पण मी फाडलं नाही ते माझ्या चौथ्या मजल्यासाठी. लाज वाटली, फार वाटली, आणि तरी वही लोणकरच्या हातात दिली.

बारा तारखेची गाडी बाईंनी जाऊ दिली. विरोध लिहिलाय, तेव्हा बँक सोडेलच, मग राजरोस जाऊ, असं त्या धरून चालल्या होत्या. चौदाला सकाळी त्यांनी पिशवी घेतली आणि दार उघडेना. त्या आतून दार बडवत होत्या. मी जिन्यात उभा होतो. अकरा वाजता मजला उतरला, इतका अलगद की आमच्या कपातला चहा हलला नाही.

इंटरकॉम वाजला. "सेक्रेटरी, विरोध लिहिला होतात ना?"

"चुकलं, बाई."

"चुकलं नाही. लिहिलंत तुम्ही," त्या म्हणाल्या आणि ठेवून दिला.

वीस तारखेला मिरजेहून मला फोन आला. मुलगी झाली. मी खाली कळवलं. तेव्हापासून रोज माझ्या एका कानाला मोबाइल असतो आणि दुसऱ्याला इंटरकॉम. पाणी कोपरानं बघ. टाळूवर तेल जिरव. बेंबीला हात लावू नको. मी इकडचं तिकडे सांगत राहतो.

आठव्या दिवशी बाळ रडायचं थांबेना. बाई म्हणाल्या, "दोन्ही फोन तोंडाशी तोंड लावून धरा." मी एका हातात धरले. त्या खालून गुणगुणायला लागल्या. हात भरून आला, पण हलवला नाही.

आमची खिडकी आता फुटपाथला लागते. तेवढ्यात लोणकर बाहेर उकिडवा बसला आणि त्यानं गजांतून फॉर्म आत सरकवला. चौथ्या मजल्याचा. वरच्या दहांची सभा झाली होती म्हणे. या वेळी बँकेला फॉर्मही हवा होता. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी मोकळ्या हातानं सही केली.

रडणं थांबलं. बाईंनी खालून विचारलं, "कोण आलं होतं?"

"बँकेचा माणूस. आमची तारीख घेऊन."

"किती दिवस आहेत?"

"एकोणीस."

बाईंनी खालून पुटपुटत दिवस मोजले.

"मग बारसं ऐकता येईल," त्या म्हणाल्या.